टोपलंभर माती : छोट्या गोष्टीतलं मोठं वास्तव आणि आपला वर्ग



आपल्याकडे गोष्ट शिकवून झाली की शेवटचा प्रश्न ठरलेला असतो : "या गोष्टीतून काय बोध मिळतो?" मुलंही तयारच असतात. मागच्या वर्षी मी सातवीच्या वर्गात एक छोटीशी गोष्ट सांगितली आणि तात्पर्य घरून लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या, तर सदतीसपैकी तीसेक वह्यांत एकच वाक्य होतं : 'गरिबांना त्रास देऊ नये.' वाक्य चुकीचं नाही. पण गोष्ट ऐकताना जी मुलं एकदम गप्प झाली होती, त्यांच्या मनात जे काही हललं असेल, त्यातलं काहीच त्या वाक्यात नव्हतं. एका मुलीची वही तर कोरीच होती. तिच्याबद्दल पुढे सांगते, कारण त्या कोऱ्या पानानंच मला ही गोष्ट नीट शिकवली.

आज आपण अगदी छोट्या गोष्टींतून समाजाचं वास्तव कसं पोचतं, ते बघू. आपल्या नागपूरशी नातं असलेली एक गोष्ट घेऊ, तिच्या सोबतीला बंगालीतल्या दोन गोष्टी घेऊ, आणि शेवटी वर्गात हे कसं घ्यायचं तेही पाहू.

आधी नावांचा घोळ सोडवू

मराठीत 'लघुकथा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आठ-दहा पानांची कथा येते. हिंदीत मात्र 'लघुकथा' म्हणजे पान-दीड पानात संपणारी गोष्ट. लांब कथेला तिथे 'कहानी' म्हणतात. बंगालीत अगदी छोट्या गोष्टीला 'अणुगल्प' म्हणतात. मराठीत अलीकडे 'अति लघु कथा' या शब्दांची आद्याक्षरं घेऊन 'अलक' हे नाव रुळलं आहे. आपल्या मोबाईलवर रोज ज्या चार-सहा ओळींच्या गोष्टी येतात, त्या बहुतेक याच जातीच्या.

पण हा प्रकार मोबाईलनं आणलेला नाही. मराठीत वि. स. खांडेकरांनी रूपककथा लिहून छोट्या गोष्टीला मान मिळवून दिला, आणि खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते, हे आपण शिक्षकांनी विसरू नये. त्यांच्याही आधीची, १९०१ सालची गोष्ट आता आपल्याला पाहायची आहे.

नागपूरशी नातं असलेले सप्रे

माधवराव सप्रे हे नाव आपल्या मुलांनाच काय, आपल्यापैकी अनेकांनाही माहीत नसतं. घरची भाषा मराठी, लेखन मात्र हिंदीत. जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. १९०० साली त्यांनी छत्तीसगडमधल्या पेंड्रा इथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केलं. तेव्हा छत्तीसगड मध्य प्रांतात होतं आणि मध्य प्रांताची राजधानी होती आपलं नागपूर. पुढे १९०७ मध्ये सप्र्यांनी नागपुरातूनच 'हिंदी केसरी' काढला. टिळकांच्या 'केसरी'चा विचार हिंदी वाचकांपर्यंत पोचवणारं हे साप्ताहिक होतं. त्यापायी १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटकही झाली. समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारेही हेच सप्रे.

१९०१ मध्ये 'छत्तीसगढ मित्र'मध्ये त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट छापून आली. हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या कथांमध्ये तिची गणना होते. काही अभ्यासक तर तिला हिंदीतली पहिली कथा मानतात. पहिली की दुसरी, हा वाद अभ्यासकांवर सोडू. आपल्या कामाची बाब अशी की ही गोष्ट दोन पानांत मावते आणि वर्गात मोठ्यानं वाचायला पाच-सात मिनिटं पुरतात.

गोष्ट थोडक्यात

एका जमीनदाराच्या वाड्याजवळ एका गरीब विधवेची झोपडी असते. जमीनदाराला वाड्याचं आवार झोपडीपर्यंत वाढवायचं असतं. म्हातारी हटत नाही. तिचा नवरा आणि एकुलता एक मुलगा याच झोपडीत गेले. सूनही पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून गेली. आता म्हातारीला त्या नातीचाच काय तो आधार. सांगून ती ऐकत नाही म्हटल्यावर जमीनदार वकिलांचे खिसे भरतो, कोर्टातून झोपडीचा ताबा मिळवतो आणि म्हातारीला बाहेर काढतो. ती शेजारीपाजारी कुठंतरी राहू लागते.

एक दिवस जमीनदार झोपडीपाशी उभा राहून मजुरांना काम सांगत असतो. म्हातारी हातात टोपलं घेऊन येते. म्हणते, झोपडी आता तुमची झाली, ती मागायला मी आलेली नाही. पण घर सुटल्यापासून नातीनं अन्न सोडलंय. आपल्या घरी चल, तिथंच जेवीन, एवढंच म्हणते. या झोपडीतली टोपलंभर माती न्यावी, तिची चूल घालावी आणि त्या चुलीवर भाकर करावी, म्हणजे पोर जेवेल अशी आशा आहे. जमीनदार परवानगी देतो. म्हातारी आत जाते, रडते, टोपलं भरते आणि बाहेर आणते. मग हात जोडून म्हणते, महाराज, जरा हात लावा, म्हणजे डोक्यावर घेता येईल.

जमीनदार आधी चिडतो. ती पुन्हा पुन्हा विनवते, तेव्हा तो स्वतः पुढे होतो. टोपलं जमिनीवरून हलत नाही. लाजून तो म्हणतो की हे माझ्याच्यानं उचलत नाही. तेव्हा म्हातारी त्याला विचारते : एका टोपल्याचा भार तुम्हाला झेपत नाही, आणि या झोपडीत तर अशी हजारो टोपली माती आहे. तो भार जन्मभर कसा झेपेल? जमीनदाराचे डोळे उघडतात. तो तिची माफी मागतो आणि झोपडी परत करतो.

दोन पानांत एवढं वास्तव मावतं कसं?

मी ही गोष्ट अनेकदा वाचून पाहिली. मला चार गोष्टी दिसल्या.

*एक : सगळा भार एका वस्तूवर.* 'अन्याय', 'शोषण', 'विस्थापन' हे शब्द मुलांना पुस्तकात भेटतात, पण हाताला लागत नाहीत. टोपलं हाताला लागतं. त्याचं वजन मुलाला ठाऊक असतं. लेखकानं एवढा मोठा विषय एका टोपल्यात भरून आपल्यापुढे ठेवला.

*दोन : कुणालाच नाव नाही.* जमीनदार, विधवा, नात. नाव दिलं असतं तर ती कुण्या एकीची हकिकत झाली असती. नाव नसल्यामुळे वाचणारा आपल्या ओळखीचा माणूस तिथे उभा करतो.

*तीन : व्यवस्था अर्ध्या वाक्यात.* वकिलांचे खिसे भरले आणि ताबा मिळवला, बस. पैसा असलेल्याकडे कायदा कसा झुकतो, यावर लेखक निबंध लिहीत नाही. इथे मुलांना थोडी माहिती द्यावी लागते. आपल्या भागात जमीनदारापेक्षा 'मालगुजार' हा शब्द जास्त ओळखीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातले 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मुलांनी पाहिलेले असतात. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क मिळाले. कसणारा आणि राहणारा एक, कागदावरचा मालक दुसरा. ज्याच्या हाती कागद, कोर्ट त्याचं ऐकणार. हे कळलं की ते अर्धं वाक्य मुलांना एकदम जड लागतं.

*चार : बरंच काही सांगितलेलंच नाही.* बाहेर काढल्यावर म्हातारी नेमकी कुठे राहिली? तिच्या बाजूनं कोर्टात कुणी बोललं का? झोपडी पाडायला आलेल्या मजुरांना काय वाटलं असेल? लेखक गप्प आहे. छोट्या गोष्टीची खरी ताकद या गप्प राहण्यातच असते. लेखक जागा रिकामी सोडतो आणि वाचणारा आपल्या अनुभवातून ती भरतो.

ही चौथी गोष्ट मला एका मुलानं शिकवली. त्याची आई बांधकामावर जाते. तो म्हणाला, "मॅडम, म्हातारी तर ते टोपलं डोक्यावर नेणारच होती ना? म्हणजे तिला झेपत होतं. माझी आईपण नेते घमेलं, चुंबळ ठेवून. फक्त कुणीतरी हात लावून द्यावा लागते." मी इतकी वर्षं टोपलं जड आहे एवढंच सांगत आले होते. ते कुणाला जड आहे, हे त्या पोरानं दाखवलं. ज्यानं जन्मात ओझं उचललं नाही त्याला ते जड, आणि जिला रोज उचलावं लागतं तिला फक्त हात लावायला माणूस हवा. 'गरिबांना त्रास देऊ नये' या तात्पर्यात हे कुठून येणार?

जुन्या किश्श्याला दिलेलं नवं रूप

जाणकारांच्या लक्षात आलं असेल की मातीच्या ओझ्याचा हा प्रसंग फार जुना आहे. स्पेनमधल्या अरबी राजवटीतला खलिफा हकम याच्याविषयी असाच एक किस्सा सांगतात. महालाचं आवार वाढवण्यासाठी तो एका विधवेची जमीन घेतो. एक काझी तिथली माती पोत्यात भरतो, ते पोतं उचलायला खलिफालाच हात लावायला सांगतो आणि त्याला त्याची चूक दाखवून देतो.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. जुन्या किश्श्यात विधवेच्या वतीनं काझी बोलतो, म्हणजे अधिकार असलेला शहाणा पुरुष. सप्र्यांच्या गोष्टीत कुणी मधे नाही. म्हातारी स्वतः येते, स्वतः बोलते. आणि तिच्यापाशी उपाशी नात आहे, चूल आहे. घर गेल्याचं दुःख इथे भाकरीच्या वाटेनं येतं. कथानक जुनं असलं तरी त्यात आपल्या मातीतलं जगणं कसं उतरवायचं, याचा हा उत्तम नमुना आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना हा तुलनेचा प्रश्न जरूर द्या.

बंगालीतल्या दोन गोष्टी

बंगालीत या प्रकाराचं नाव निघालं की पहिलं नाव येतं बनफूल यांचं. 'बनफूल' म्हणजे रानफूल. खरं नाव बलाईचंद मुखोपाध्याय (१८९९–१९७९), पेशानं डॉक्टर. बिहारमधल्या भागलपूरला त्यांनी अनेक वर्षं व्यवसाय केला. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' हा सिनेमा त्यांच्याच कथेवरचा. त्यांनी शेकडो छोट्या गोष्टी लिहिल्या, काही तर एकाच पानाच्या.

त्यांची 'निमगाछ' म्हणजे कडुलिंबाचं झाड. लोक त्याची साल काढतात, पानं वाटतात, कोवळी पानं खातात, काड्यांनी दात घासतात. झाड गुणकारी, म्हणून कुणी तोडत नाही. पण त्याची निगाही कुणी राखत नाही. भोवती कचरा साचतो. एक दिवस एक माणूस येतो. तो साल काढत नाही, पानं तोडत नाही, नुसता बघत राहतो आणि झाडाच्या रूपाचं कौतुक करून निघून जातो. झाडाला वाटतं, याच्याबरोबर जावं. पण मुळं जमिनीत फार खोल गेलेली असतात. इथवर आपण झाडाचीच गोष्ट ऐकत असतो. शेवटच्या एका वाक्यात लेखक सांगतो की त्या घरातल्या कामसू, गुणी सुनेची गतही नेमकी अशीच आहे. गोष्ट संपली.

बाईच्या आयुष्याबद्दल एकच वाक्य, तेही शेवटी! पण त्या वाक्यानंतर मागची सगळी वाक्यं बदलतात. साल काढणं, पानं वाटणं, 'गुणाची आहे' म्हणणं आणि भोवतीचा कचरा, सगळं पुन्हा वाचावं लागतं. मी ही गोष्ट आमच्या पालकसभेत सांगितली होती. आयांच्या रांगेत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "बाप्पा, हे तर आमच्याच घरचं लिहिलं." आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्याचं तात्पर्य मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी, म्हणजे शिक्षकांसाठी. रवींद्रनाथ टागोरांच्या 'लिपिका' (१९२२) या पुस्तकात छोटी छोटी गद्यं आहेत, त्यातच 'तोताकाहिनी' आहे. गाणाऱ्या, उड्या मारणाऱ्या एका पोपटाला शिकवायचं असं राजा ठरवतो. सोन्याचा पिंजरा येतो, पंडित येतात, पोथ्यांच्या नकलांचे ढीग लागतात. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्यांची भरभराट होते. पोपटाच्या चोचीत पानं कोंबली जातात आणि तो मरतो, पण त्याचं शिक्षण पूर्ण झालं असं राजाला सांगितलं जातं. राजा पोपटाला दाबून पाहतो, तर पोटात फक्त कोरड्या पानांची सळसळ. शंभर वर्षं होऊन गेली, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ही गोष्ट वाचली की अजूनही आपलीच वाटते.

तिन्ही गोष्टींत एक समान धागा आहे. टोपलं, कडुलिंब, पोपट. लेखक समाजावर भाष्य करत बसत नाही. एक वस्तू किंवा एक जीव आपल्यापुढे ठेवतो आणि बाजूला होतो. ओझं उचलायचं ते वाचणाऱ्यानं.

माझं चुकलं ते इथं

आता त्या कोऱ्या वहीबद्दल. ती मुलगी ज्या वस्तीत राहायची ती वस्ती काही महिन्यांपूर्वी हटवली गेली होती, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी मोठ्या उत्साहानं तिला उभं केलं. म्हटलं, "तुझंही घर गेलं ना? सांग बरं, तुला काय वाटलं?" मला वाटलं, साहित्य आणि जीवन जोडण्याची केवढी छान संधी! ती उभी राहिली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

घरी बसून मी पुन्हा गोष्ट वाचली तेव्हा कळलं. ज्या गोष्टीत लेखकानं म्हातारीच्या आत चाललेलं सगळं सांगणं टाळलं, झोपडीत शिरून ती रडली एवढ्यावर सोडून दिलं, तीच गोष्ट शिकवताना मी एका बारा वर्षांच्या मुलीला सगळ्यांपुढे आतलं बाहेर काढायला लावत होते. गोष्टीला न सांगण्याचा हक्क होता. मुलीला मी तो दिला नाही.

ती परत आली तेव्हा मी तिची माफी मागितली, एकटीला बाजूला घेऊन. काही लिहिण्याची सक्ती नाही, असंही सांगितलं. पुढे महिनाभरानं तिनं स्वतःहून एक कागद आणून दिला. तिच्या परवानगीनं, नाव न देता, तो मजकूर असा :

'आमच्या जुन्या दाराची कडी आईनं पिशवीत ठेवली. नव्या जागी दार नाही, पडदा आहे. कडी पिशवीतच आहे.'

मी त्याखाली फक्त 'वाचलं' असं लिहून सही केली. शुद्धलेखन तपासलं नाही. तात्पर्य विचारायचं तर धाडसच झालं नाही.

शेवट खरा वाटतो का?

सप्र्यांच्या गोष्टीवर मुलं एक प्रश्न हमखास विचारतात : "मॅडम, खरंच कुणी असं घर परत देते का?" प्रश्न टाळू नका. हा गोष्टीचा दोष आहे असं मुलांना वाटलं तर वाटू द्या, आणि काळाचा विचार त्यांच्यापुढे ठेवा. १९०१ मध्ये, इंग्रजांच्या राज्यात, त्या म्हातारीपाशी दुसरा रस्ता कुठला होता? कोर्ट तर आधीच विकत घेतलं गेलेलं. उरलं होतं ते समोरच्याचं मन. पुढे स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या कायद्यानं मध्य प्रदेशातली मालगुजारी आणि जमीनदारी संपवली. तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. म्हणजे गोष्टीत जे काम पश्चात्तापानं झालं, ते प्रत्यक्षात व्हायला कायदा लागला आणि अर्धं शतक जावं लागलं. 'मन बदलणं' आणि 'कायदा बदलणं' यांतला फरक नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतो.

वर्गात कसं घ्यावं : एका तासिकेचं नियोजन

१. वाचन (७ मिनिटं). गोष्ट मोठ्यानं, सावकाश, मधे न थांबता वाचा. कठीण शब्द आधीच फळ्यावर लिहून ठेवा. वाचून झाल्यावर निदान अर्धा मिनिट गप्प राहा. आपल्याला ते फार जड जातं, पण मुलांना ती शांतता लागते.

२. वस्तू शोधा (५ मिनिटं). 'बोध काय?' याऐवजी विचारा : "या गोष्टीतली कोणती वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर राहिली?" कुणी टोपलं म्हणेल, कुणी चूल, कुणी वाड्याची भिंत. सगळी उत्तरं बरोबर.

३. न सांगितलेलं शोधा (१० मिनिटं). गटात बसून 'लेखकानं काय सांगितलं नाही?' याची यादी करायची. उत्तरं शोधायची नाहीत, फक्त प्रश्न लिहायचे. आकलनाची याहून चांगली कृती मला अजून सापडलेली नाही.

४. बाजू बदला (८ मिनिटं). हीच गोष्ट मजूर सांगेल तर कशी सुरू होईल? नात सांगेल तर? फक्त पहिली दोन वाक्यं.

५. लेखन (१० मिनिटं). घरातली किंवा आसपासची एक वस्तू घ्या आणि पाच ओळींत गोष्ट लिहा. अट एकच : 'वाईट वाटलं', 'गरीब', 'अन्याय', 'दुःख' हे शब्द वापरायचे नाहीत. वाचून दाखवणं ऐच्छिक. कागद शिक्षकाला दिला नाही तरी चालेल.

दहावीच्या कथालेखनासाठी याचा फायदा होतो का, असं पालक विचारतात. होतो. मुद्द्यांवरून लिहितानाही एखादी वस्तू धरून ठेवली की मुलांची गोष्ट भरकटत नाही आणि शीर्षक आपोआप सुचतं. पण मार्कांसाठी म्हणून हे करू नका. मार्क मागोमाग येतात.

दोन सूचना शिक्षकांना, एक पालकांना

शिक्षकांनो, गोष्ट निवडताना आपल्या वर्गात कोण बसलं आहे ते आधी आठवा. ज्या मुलाच्या घरी नुकतंच काही घडलं आहे त्याला वर्गात बोलायला लावू नका. आणि मूल स्वतःहून काही सांगायला आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. गरज वाटली तर मुख्याध्यापकांशी आणि घरच्यांशी बोला.

पालकहो, झोपताना एखादी छोटी गोष्ट सांगितली आणि पोर एकदम गप्प झालं, तर लगेच 'काय शिकलास?' म्हणू नका. ते विचार करतंय. करू द्या. दोन दिवसांनी भाजी निवडताना किंवा गाडीवर मागे बसून ते एखादा प्रश्न विचारेल. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आलं नाही तरी हरकत नाही.

म्हातारीनं जमीनदाराला टोपलं घरापर्यंत पोचवून द्यायला सांगितलं नव्हतं. तिनं फक्त हात लावायला सांगितलं होतं. मला वाटतं, गोष्ट शिकवताना आपलंही काम तेवढंच आहे. अर्थ उचलून मुलाच्या घरी नेऊन टाकायचा नाही आणि एकट्यानं उचल म्हणून उभंही राहायचं नाही. जरा हात लावायचा. डोक्यावर घेऊन चालायचं ते मूल चालतं.

या आठवड्यात एखादी छोटी गोष्ट वर्गात वाचून बघा, आणि तात्पर्याचा प्रश्न एकदा तरी सोडून द्या.